पेडण्यात प्लॉट : मालकाशी नव्हे, अ‍ॅग्रीमेंट हातात असलेल्या मध्यस्थाशी व्यवहार करावा का?

म्हापशेकर (प्रश्न)

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात ६०० चौ. मी.चा प्लॉट पाहिला आहे. ४,२०० चौ. मी.च्या एकाच सर्व्हे नंबरातला हा तुकडा. दाखवणारा मालक नाही. त्याने मालकांशी चौ. मी.ला ९,००० रुपयांनी अ‍ॅग्रीमेंट केलं आहे, मुदत ९० दिवस. मला तो १२,५०० सांगतो. मधला फायदा त्याचा, हे तो लपवत नाही. शनिवारपर्यंत ७ लाख टोकन मागतो, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीचा गोव्यातला फॉर्म) चार नावं आहेत, अ‍ॅग्रीमेंटवर दोघांच्या सह्या आहेत. उरलेल्यांची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी येते आहे म्हणतो. यात नक्की काय तपासायचं आणि पैसे कुणाला द्यायचे?

दस्तलेखक

त्याच्याकडे जमीन नाही, जमीन घेण्याचा करार आहे, आणि तुम्ही तोच विकत घेताय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. म्हणून करार किती पक्का आहे तेवढीच त्याची किंमत.

मूळ अ‍ॅग्रीमेंटची सगळी पानं मागा. पहिलं आणि शेवटचं पान फोटोत पाठवतात, अडचण मधल्या पानांत असते. त्यात खरेदीदार म्हणून ‘अमुक किंवा त्यांनी सुचवलेली व्यक्ती’ असं लिहिलंय का पाहा. मालकांना दिलेली रक्कम बँकेतून गेली का, आणि ९० दिवसांतले किती उरले? सत्तर उलटून गेले असतील तर तुमचा टायटल सर्च (मालकीची छाननी) होईपर्यंत करार संपेल. ‘मालक तोंडी वाढवून देतात’ यावर जाऊ नका, मुदतवाढीचा पुरवणी करार सगळ्यांच्या सह्यांनी हवा.

५०० च्या स्टॅम्पचं कारण साधं आहे. गोव्यात विक्रीच्या अ‍ॅग्रीमेंटवर २.९ टक्के स्टॅम्प ड्युटी पडते, ती वाचवायची असते. नोटरी सही कुणाची एवढंच पाहतो. सब-रजिस्ट्रारकडे नोंद होत नाही, म्हणून मालकाने तीच जमीन तिघा मध्यस्थांना दिली असली तरी निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट (जमिनीवर बोजा नसल्याचा दाखला) स्वच्छच येतं. पुढे कुणी तुमच्या कराराची माहिती नसताना पैसे मोजून नोंदणीकृत विक्रीखत केलं, तर जमीन त्याची आणि तुमच्या हाती पैशांची वसुली. आणि कमी स्टॅम्पचा कागद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आधी राहिलेली ड्युटी आणि दंड भरावा लागतो.

पैसे कसे द्यायचे : विक्रीखत थेट मालकांकडून तुमच्या नावे, मध्यस्थ त्याच दस्तात कन्फर्मिंग पार्टी, म्हणजे व्यवहाराला मान्यता देऊन सही करणारा. मालकांना ५४ लाख, त्याला २१ लाख, दोन्ही आकडे दस्तात, दोन्ही बँकेतून. अ‍ॅडव्हान्सपोटी २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, पण तुमच्या दृष्टीने मोठा तोटा हा की मोडलेल्या व्यवहारात रोख रकमेचा पुरावाच उरत नाही. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर ‘विक्री’ घेऊ नका. २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते हस्तांतरण नव्हे असं स्पष्ट केलं आहे. मालकाच्या वतीने विक्रीखतावर सही करायला खरी पॉवर चालते, पण देणारा हयात आहे आणि त्याने ती रद्द केलेली नाही याची खात्री करून.

बार्देशची वाचक

चारातल्या दोघांच्या सह्या, इथेच थांबा. किंबहुना चारही पुरत नाहीत.

गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून विवाहित सहमालकासोबत जोडीदाराचीही सही लागते, बहिणीच्या वाट्यासाठी मेहुण्याची. चार नावांचे आठ सह्या करणारे होऊ शकतात. उताऱ्यावरचं एखादं नाव मयत असेल तर त्याचे वारस कोण, हे इन्व्हेंटरी प्रोसिडिंगच्या (न्यायालयातल्या वारसा-वाटपाच्या) निकालातून किंवा स्पेशल नोटरीकडच्या वारसाच्या दस्तातून दिसलं पाहिजे. पंचायतीचा दाखला किंवा मध्यस्थाने टाईप केलेली वंशावळ चालत नाही. परदेशातला एक भाऊ राहिला तरी दोन वर्षांनी दावा तोच घालतो.

एक-चौदा नीट वाचा. वर क्षेत्राची विभागणी असते : जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड. भाताच्या रकान्यात आकडा असेल तर विषय संपला. २०२३ च्या कायद्याने भातजमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. त्याखाली कब्जेदारांची नावं आणि समोर फेरफार क्रमांक. त्या फेरफाराचे कागद काढा, नाव कशाच्या आधारे चढलं ते कळतं. मग कुळाचा रकाना. तिथलं नाव खोडलेलं असेल तर कुणाच्या आदेशाने, त्याची प्रत मागा. शेवटी इतर हक्क, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव तिथेच सापडतं. पंचायत हद्दीत मुंडकाराला घरासह ३०० चौ. मी.पर्यंत जागा मिळू शकते, म्हणजे तुमच्या प्लॉटचा अर्धा भाग. नाव नसलं तरी जागेवर जाऊन घर, तुळस, विहीर, माडांची राखण कोण करतं ते बघा आणि शेजारच्या भाटकाराला (जमीनमालकाला) विचारा.

आणि एक-चौदा म्हणजे टायटल नव्हे. त्यातली नोंद खरी गृहीत धरतात, पण ती खोटी ठरवता येते. मालकी पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशनच्या डिस्क्रिप्शनपासून (मिळकतीच्या वर्णनाच्या नोंदीपासून) किंवा जुन्या दस्तापासून आजवर जोडत आणावी लागते. बनावट जुने दस्त लावून परदेशस्थांच्या जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. कोमुनिदादीचं (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) किंवा आल्वाराचं (सरकारने दिलेल्या जमिनीची सनद) नाव दिसलं तर त्या विषयात काम केलेला वकीलच गाठा.

नकाशावाला

६०० चौ. मी. कुठले? ४,२०० चा मंजूर सबडिव्हिजन (प्लॉट पाडायची अधिकृत परवानगी) नसेल तर तुम्हाला ‘अविभक्त हिस्सा’ विकला जाईल आणि सोबत रंगीत नकाशा दिला जाईल, ज्यावर तुमचा प्लॉट क्रमांक ३. त्या नकाशाला किंमत नाही. हिस्सेदार बांधकामाला सही देत नाहीत, स्वतंत्र सनद (बिगरशेती वापराची परवानगी) होत नाही, रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो यावर भांडणं लागतात. आधी नगरनियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट घ्या. सेटलमेंट (वस्तीचा झोन) हवं. ऑर्चर्ड (बागायतीचा झोन) असेल तर फार्महाऊसलाही ४,००० चौ. मी. जागा लागते, ६०० वर काही होत नाही. ‘सतरा-दोनखाली (नगरनियोजन कायद्याचं कलम १७(२)) झोन बदलून घेतो’ म्हणाला तर सांगा की त्या कलमाखालचे नियम १३ मार्च २०२५ ला उच्च न्यायालयाने रद्द केले. २५ टक्क्यांहून जास्त चढ असलेली जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये इको-१ (बांधकामाला बंदी असलेल्या) भागात येते. डोंगर कापून सपाट केलेला दिसला तर त्याच कायद्याच्या कलम १७अ ची परवानगी मागा.

प्लॉट एकूण किती पाडतोय तेही विचारा. ६०० चे पाच-सहा असतील तर रेराची (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते का ते वकिलाकडून तपासून घ्या. ३०० चे दहा-बारा असतील तर लागते, आणि तेव्हा नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ७५ लाखांवर ७ लाख मुद्दाम त्या रेषेखाली ठेवलेत असं वाटतं.

म्हापशेकर

सगळ्यांचे आभार. कागद मागितले तर म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. टोकन द्यायचंच झालं तर कसं द्यावं?

दस्तलेखक

दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्याला घेऊ द्या. द्यायचंच असेल तर एक लाख, थेट मालकांच्या खात्यात, आणि सोबत सगळ्या मालकांच्या सहीचं पत्र : ‘३० दिवसांत खरेदीदाराच्या वकिलाला टायटल, झोन, रस्ता यांत दोष आढळल्यास किंवा सर्व सहमालक व त्यांचे जोडीदार सह्या न करतील तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत.’ ‘समाधानकारक’ हा शब्द नको, दोष कशाला म्हणायचं ते लिहा. मग जाहीर नोटीस, इथल्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही दैनिकांत, १५ दिवसांची.

बार्देशची वाचक

नोटिशीवर थोडी असहमती. परदेशातला वारस इथलं दैनिक वाचत नाही. नोटीस द्या, पण प्रत्येक सहमालकाशी व्हिडिओवर स्वतः बोला, मध्यस्थ खोलीत नसताना. ‘दर किती ठरला?’ एवढंच विचारा. एकाचं उत्तर ९,००० आणि दुसऱ्याचं ७,००० आलं तर टोकन देऊ नका.

आणखी एक, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर). मोबदला ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का कापून भरणं तुमची जबाबदारी. चौघांपैकी कुणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्का लागू नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने कापायचा असतो आणि ५० लाखांची मर्यादाही नसते. मध्यस्थ सगळ्यांना एकच टक्का लावून हिशोब देईल. तुमच्या सीएला चौघांचे निवासी दर्जे आधी लिहून द्या.