समोर माणूस असताना मोबाइलमध्ये डोके घालणे

कृष्णाकाठ : नमस्कार. माझा मोठा भाऊ महिन्यातून एकदा पुण्याहून साताऱ्याला येतो. आई त्याला सांगायच्या गोष्टी महिनाभर साठवून ठेवते. पण ती गुडघेदुखीविषयी किंवा शेजारच्या लग्नाविषयी बोलू लागली की दादाची नजर मोबाइलवर जाते आणि "बोल, ऐकतोय मी" असे म्हणत त्याचा अंगठा फिरत राहतो. गेल्या खेपेस आई वाक्य अर्धवट टाकून स्वयंपाकघरात निघून गेली आणि ते त्याच्या ध्यानातही आले नाही. वयाने मोठ्या भावाला न दुखावता हे कसे सांगावे?

निवृत्त शिक्षक : ताई, यात आईविषयीची अनास्था असेलच असे नाही. मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढला की काही नवे दिसेल की नाही, याचा नेम नसतो. आणि अशा अनियमितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सहजासहजी सुटत नाही, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे व उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करून फोनमध्ये रमण्याच्या या वागण्याला २०१२ साली ऑस्ट्रेलियात 'फबिंग' असे नावही मिळाले.

मायलेक : सरांविषयी आदर राखून सांगते, मला हे कारण पुरेसे वाटत नाही. कचेरीत वरिष्ठ बोलत असताना हाच अंगठा थांबतो. आई रागावणार नाही अशी खात्री असते, म्हणून घरी तो अंगठा थांबत नाही. तरीही दादांना एकटे पाडून बोलू नका. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. मुलांचा अभ्यास आणि माणसांतला संवाद हा त्यामागचा हेतू होता. नियम साऱ्या गावाला असल्यामुळे कोणा एकाकडे बोट दाखवावे लागले नाही, हे मला त्यात फार मोलाचे वाटते.

कृष्णाकाठ : आपले म्हणणे पटले. आईशी बोलताना मीही फोन हाताशी ठेवते, हे लिहिताना जाणवले. दादा शनिवारी येईल, तेव्हा जेवणाआधी माझा फोन मी कपाटात ठेवीन आणि मगच त्याचा मागेन. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी आईला त्याचे मत विचारायचे आहे.