मदत हवी आहे: घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क कोणत्या घ्याव्यात? (दुकानदार सीसीटीव्हीवाल्या देतोय)

रानजाई

नमस्कार मंडळी,

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

बाबा सिन्नरच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एकादशीची भजनं, आसपासच्या गावांतले सप्ते, सगळं कॅसेटवर टिपून ठेवायची त्यांना हौस. अशा २८० कॅसेट माझ्याकडे आल्या. गेलं दीड वर्ष जुना डेक लॅपटॉपला जोडून मी त्या उतरवतेय. काहींची पट्टी पेन्सिल घालून आधी ताणून घ्यावी लागते, एकीत तर बुरशी होती. तासाभराची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला साधारण २ जीबी होते. म्हणजे सगळ्या मिळून साडेपाचशे-सहाशे जीबी. घरचे फोटो-व्हिडिओ १.१ टीबी, ते वेगळे.

हे सगळं एका यूएसबी डिस्कवर होतं. दसऱ्याच्या साफसफाईत ती टीव्हीखालच्या फळीवरून पडली. उंची जेमतेम दीड फूट. जोडली की टक्, टक्, टक्, मग शांत. उतरवून झालेल्या २१० कॅसेटपैकी १५० लॅपटॉपवर होत्या म्हणून वाचल्या. ६० पुन्हा पहिल्यापासून. फोटो पुण्याला भावाकडे सापडले.

आता शहाणपण सुचून दोन कप्प्यांचा नॅसचा डबा घेतलाय. डिस्क घ्यायच्या आहेत आणि इथेच गाडी अडली आहे. दुकानदार म्हणतो, "मॅडम, सीसीटीव्हीच्या डिस्क घ्या, चोवीस तास चालतात, नॅसच्या मागवाव्या लागतील." भाऊ म्हणतो त्याच्या जुन्या पीसीतली ४ टीबीची सीगेट बॅराकुडा पडून आहे, ती एक आणि नवी एक घाल, झालं. आणि ४ टीबी पुरेल की ८ घेऊ?

खटपट्या

रानजाई, बॅराकुडा नॅसमध्ये घालू नका. ४ टीबीची अलीकडची बॅराकुडा एसएमआर असते.

कौलारू घर आठवा. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचलून परत लावावी लागते. एकदाच लिहून ठेवायचं असेल तर काही कळत नाही. नॅसमध्ये एक डिस्क गेली आणि तिच्या जागी नवी घातली की तास न् तास सलग लिहिणं चालतं, तेव्हा एसएमआरवाली हाय खाते. कधी इतकी रेंगाळते की डबा तिलाच मेलेली समजून बाहेर काढतो. सीएमआरमध्ये पट्टे सुटे असतात. तीच घ्या.

फक्त डिस्कच्या खोक्यावर 'नॅस' लिहिलंय म्हणून भुलू नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क गुपचूप एसएमआर असल्याचं उघड झालं, बराच गदारोळ झाला. त्यानंतर त्यांनी साधी रेड एसएमआर आणि रेड प्लस सीएमआर अशी वाटणी केली. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे. रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ, जी मिळेल ती. मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात स्वतः बघा.

(आणि ही 'रेड' वेगळी, दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारं 'रेड १' वेगळं. मराठीत लिहिताना आपली पंचाईत!)

तात्या७२

दुकानदार अगदीच थापा मारत नाहीये. सीसीटीव्हीच्या डिस्क खरोखर चोवीस तासांसाठीच असतात आणि नॅसमध्ये चालतातही. पण त्या अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेल्या. तुमचं काम उलटं, एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा वाचायचं. मागवून मिळत असतील तर आठवडा थांबा, दीड वर्ष थांबलाच आहात.

पीसीच्या डिस्कची दुसरी खोड: खराब सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा) लागला की ती वाचायचा हट्ट धरून बसते, कधी कधी मिनिटभरसुद्धा. नॅसची डिस्क सात-एक सेकंदांत "नाही जमत" म्हणून मोकळी होते आणि डबा तोच भाग दुसऱ्या डिस्कवरून घेतो. दोघींमधला खरा फरक हा.

आकार ४ टीबी. तुमची गरज पावणेदोन टीबीची. संगणक ४ टीबीला ३.६३ दाखवेल, दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. आणि ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) घ्या, ७२०० ची घरघर हॉलमध्ये नको वाटते.

ताकभात

सगळे डिस्कवरच बोलताहेत म्हणून मध्ये तोंड घालतो. रानजाई ताई, दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एखादा फोल्डर उडवलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. डबाच पडला तर दोन्ही एकत्र पडतील. दसरा दरवर्षी येतो.

भावाची ती बॅराकुडा टाकू नका, तिचं काम इथे आहे. यूएसबी केसमध्ये घाला, भजनं-फोटो भरा आणि पुण्याला त्याच्या कपाटात ठेवा. दिवाळीला आणि मे महिन्यात नवं भरायचं. या कामाला एसएमआर असली तरी बिघडत नाही.

खटपट्या

+१. हे मीच लिहायला हवं होतं.

डबा सिनॉलॉजी कंपनीचा, २०२५ च्या प्लस मालिकेतला असेल तर आधी त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. त्यात सुरुवातीला दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध होते, ते डीएसएम या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या ७.३ आवृत्तीपासून उठवले.

डिस्क आल्या की लगेच काही भरू नका. आधी सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का बघा. २०२५ च्या सुरुवातीला, वापरलेल्या सीगेट डिस्क चाललेल्या तासांचा आकडा शून्यावर आणून युरोपात नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, त्यातले तास स्मार्टमधल्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नेहमीची नोंद) तासांशी ताडून बघा. मग लाँग टेस्ट, म्हणजे अख्ख्या डिस्कची तपासणी. नंतर रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर दोन्ही शून्य हवेत. एकसुद्धा दिसला तर बदलून मागा.

आणि छोटा यूपीएस, यूएसबीनं डब्याला जोडता येणारा. वीज गेली की डबा आपणहून नीट बंद होतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदाराला मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, तर म्हणाला, "कोणी शिकवलं हो तुम्हाला?" नऊ दिवसांनी ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ आल्या. वॉरंटी भारतातलीच आहे. फार्म आणि स्मार्ट दोन्हीकडे तास शून्य. काल रात्री लाँग टेस्ट लावली, सकाळी पहिली निर्दोष निघाली, दुसरी आत्ता ७० टक्क्यांवर आहे.

यूपीएस पुढच्या पगाराला. बॅराकुडा भाऊ रविवारी घेऊन येतोय, "माझी डिस्क मलाच परत?" म्हणून कुरकुरत.

आता एकच. डबा ठेवू कुठे? टीव्हीची फळी बाद. राउटरजवळची जागा म्हणजे देवघराशेजारचं बंद कपाट. आत कोंदट आहे, पण पडायची भीती नाही. दार सताड उघडं ठेवलं तर चालेल का, की मागे भोकं पाडून घेऊ?