सुपरचार्जर बसवला, आता क्रँककेसची हवा कुठे सोडायची?

चौथा_गिअर

क्रँककेस म्हणजे पिस्टनखालची, क्रँक आणि तेल असलेली पोकळी. उदाहरणाला गाडी घेऊ माझदा एमएक्स-५, १.८ लिटर, त्यावर ईटनचा एम४५ ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जर, इंजिनात हवा कोंबणारा पंप), बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, साधारण ६ पीएसआय, म्हणजे ०.४ बार. ब्लोअर बसला की पहिला फुकट सल्ला ठरलेला: "पीसीव्ही (क्रँककेसची हवा इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाक, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) दोन्ही तोट्यांना छोटे फिल्टर लाव, मोकळा हो." रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा सल्ला चूक आहे असं माझं मत.

पीसीव्ही नुसता दाब सोडायला नसतो. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरणाऱ्या वायूत (मिस्त्री ज्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात) पाण्याची वाफ असते, कच्चं पेट्रोल असतं, आम्ल करणारे वायू असतात. आयडलला आणि सावकाश चालवताना मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचा) व्हॅक्यूम हे सगळं एका तोटीतून ओढून घेतो आणि दुसऱ्या तोटीतून गाळलेली ताजी हवा आत येते. क्रँककेस सतत धुतला जातो. दोन्ही तोंडं उघडी टाकलीत की दाब जाईल, पण धुणं थांबेल. मग ऑइल कॅपच्या आत पिवळट फेस दिसायला लागतो, विशेषतः रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, कारण तेल पुरेसं तापतच नाही.

म्हणून आधी थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) कुठे आहे ते बघा. ब्लोअरच्या आधी असेल, तर थ्रॉटल आणि ब्लोअर यांच्या मधल्या जागेत आयडलला व्हॅक्यूम मिळतो आणि पूर्ण थ्रॉटललाही तिथे बूस्ट कधीच येत नाही. पीसीव्हीची नळी तिथे न्या. थ्रॉटल ब्लोअरच्या नंतर असेल, तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आणि बूस्ट आळीपाळीने येणार. तिथे पीसीव्हीच्या जोडीला वेगळा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) हवाच. मूळ पीसीव्हीतली गोटी बूस्टसमोर घट्ट बसत नाही.

तेलकट_कोपर

कागदावर झकास. पण थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मध्ये सोडलेली वाफ जाते कुठे? आधी रोटरवर, मग इंटरकूलर (कोंबलेली हवा गार करणारा) असेल तर त्याच्या आतल्या पात्यांवर, आणि शेवटी सिलिंडरमध्ये. पात्यांवर तेलाचा थर बसला की उष्णता नीट निघत नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं तेल मिश्रणाचा ऑक्टेन खाली ओढतं. बूस्टवर चालणारं इंजिन आधीच नॉकच्या (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) काठावर असतं, त्यात तुम्ही स्वतःहून तेल पाजताय. त्यापेक्षा बाहेर सोडलेलं बरं.

ट्रॅकच्या गाडीचं उत्तर सोपं आहे: टॅपेट कव्हरला १६ मिमीच्या दोन नळ्या, दोन्ही एका टाकीत, टाकीवर फिल्टर. दर दोन-तीन ट्रॅक दिवसांनी तेल बदललं जातंच, गाळ साचायला वेळ कुठे मिळतो? एफआयएचे (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचे) नियमसुद्धा ब्रीदर (क्रँककेसची श्वास घेणारी तोटी) उघडा असेल तर २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरची टाकी मागतात, आत किती साचलं ते बाहेरून दिसेल अशी. बाहेर सोडणं हा काही अडाणीपणा नाही.

चौथा_गिअर

ट्रॅकपुरतं मान्य. पण वाफेतलं तेल अडवायला कॅच कॅन असतोच की. पीसीव्ही आणि व्हॅक्यूमच्या मध्ये एक कॅन टाका.

मिशिगनवाला

"एक कॅन टाका" इथेच निम्म्या गाड्या बिघडतात. दोन्ही तोट्या एकाच कॅनमध्ये आणतात, तिसरी नळी व्हॅक्यूमला आणि चौथी इनटेक पाइपला. मग हवा सोपी वाट धरते: इनटेक पाइपमधून कॅनमध्ये आणि कॅनमधून सरळ व्हॅक्यूमकडे. क्रँककेसमधून काहीच फिरत नाही. वरून सगळं बंदिस्त दिसतं, आत धुणं शून्य. पीसीव्हीच्या बाजूला एक कॅन आणि ब्रीदरच्या बाजूला दुसरा, दोघांचा एकमेकांशी संबंध नको.

दुसरं, रिकामा डबा म्हणजे कॅच कॅन नव्हे. आत आडवे पडदे हवेत किंवा स्टेनलेसच्या जाळीचा बोळा. भांडी घासायची लोखंडी लोकर अजिबात नको, तिचे तंतू सुटून ब्लोअरच्या रोटरमध्ये जातात. कॅन एक्झॉस्टपासून लांब, गार हवेत. वाफ गार झाली तरच थेंब होतात. नळीला मध्ये झोळ नको, झोळात पाणी साचतं. आमच्याकडे जानेवारीत ते गोठतं, वाट बंद होते आणि डिपस्टिक उडून बाहेर येते. थंडीत कॅन महिन्यातून दोनदा उघडून रिकामा करायचा. आत निघणारं दुधाळ कॉफीसारखं मिश्रण परत इंजिनात ओतायचं नाही.

गॅस्केट

धाग्यात भीती जरा जास्तच आहे. पीसीव्हीतून बूस्ट उलटा शिरला तरी क्रँककेसमध्ये पूर्ण ०.४ बार साचत नाही, ब्रीदरची नळी उघडी असते ना.

तेलकट_कोपर

साचत नाही, वाहतो. तेच वाईट. त्या प्रवाहाबरोबर तेल ब्रीदरमधून इनटेक पाइपात जातं आणि लोक ब्लोअरचं सील गेलं म्हणून ब्लोअर उतरवतात. एम४५ च्या नाकातलं गिअर तेल वेगळं असतं, ते इंजिनाच्या तेलात मिसळत नाही. आधी पीसीव्ही तपासा. आणि ब्रीदर गाळाने तुंबला असेल तर दाब खरोखर साचतो. ४० मिमी व्यासाच्या ऑइल कॅपवर ०.४ बार म्हणजे जवळपास ५ किलोचा जोर. मागचं क्रँक सील त्याच्या आधीच रडायला लागेल.

सप्तर्षी_पुणे

एक बारीक मुद्दा राहिला. हवामापक, म्हणजे एमएएफ किंवा जुन्या १.६ मधला हलत्या झडपेचा मापक असेल, तर ब्रीदरची नळी मापकाच्या नंतर आणि थ्रॉटलच्या आधी जोडायची. पीसीव्ही चालू ठेवून ब्रीदरला उघडा फिल्टर लावला की न मोजलेली हवा आत येते आणि आयडलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं. नुसत्या मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) ट्यून केलेल्या ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) त्याचं सोयरसुतक नाही.

बाकी भारतात क्रँककेसचा वायू बाहेर सोडणं उत्सर्जन नियमांत बसत नाही, आणि ब्लोअर बसवणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबद्दलच्या) विषय आहे. इथे कंपनीतूनच सुपरचार्ज होऊन आलेल्या गाड्या, जसं मर्सिडीजचं एम२७१ कॉम्प्रेसर इंजिन, त्यांच्या मालकांनी कॅनच्या आधी इनटेक मॅनिफोल्डखालची ब्रीदर नळी बघावी. तेलाने फुगून मऊ पडते आणि चिरते. नवी नळी साध्या सिलिकॉनची नको, तिच्यातून तेल पाझरतं. नायट्राइल किंवा आतून फ्लुरो अस्तर असलेली घ्या.

गॅस्केट

मग कळायचं कसं की आपली मांडणी चालतेय?

मिशिगनवाला

मोजून. डिपस्टिकच्या नळीला ६ मिमीची पारदर्शक ट्यूब, मध्ये एक रिकामी बाटली (व्हॅक्यूमने पाणी इंजिनात ओढलं जाऊ नये म्हणून), पुढे यू आकारात पाणी. आयडलला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं चढायला हवं. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलला उलट ढकललं गेलं तर १० सेंमी फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. त्याच्या पुढे जात असेल तर नळी अरुंद आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. लीकडाउन (सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेची गळती) २० टक्क्यांच्या वर आला तर कॅनवर पैसे घालू नका, इंजिन उघडा.

तेलकट_कोपर

ट्रॅकच्या गाडीबद्दल माझं मत तेच. पण थ्रॉटल ब्लोअरनंतर असलेल्यांनी एक करा, चेक व्हॉल्व्ह लावण्याआधी तोंडाने फुंकून बघा. इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा सहज गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूने अजिबात नाही. फुंकायला जोर लागत असेल तर तो परत करा, आयडलच्या व्हॅक्यूमला उघडेल, पण हलक्या लोडला बंदच राहील.