शब्दचर्चा : हिब्रू 'मस', 'एवेद' आणि मराठी 'वेठ'

प्रश्न : बायबलच्या '१ राजे' या ग्रंथात ५:१३ मध्ये शलमोन राजा 'सर्व इस्राएलातून' ३०,००० माणसे वेठीला लावतो. पुढे ९:२२ म्हणते, इस्राएलांपैकी कोणालाही त्याने गुलाम केले नाही. मग खरे काय? आणि मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तर : दोन ठिकाणचे मूळ शब्द वेगळे आहेत. ५:१३ (हिब्रू प्रतीत ५:२७) मध्ये 'मस' आहे, ९:२२ मध्ये 'एवेद' (गुलाम किंवा सेवक). 'मस' म्हणजे राजाने ठरावीक मुदतीसाठी सक्तीने घेतलेले काम, किंवा त्या कामावर लावलेली माणसे. मराठीत याला 'वेठ' हा तंतोतंत शब्द तयार आहे. ५:१४ मध्ये पाळीही दिली आहे: १०,०००ची एक तुकडी एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. म्हणजे माणशी वर्षाला चार महिने. शेत, घर, कुळ त्याचेच राहते, फक्त अंगमेहनत राजाची. असा माणूस विकता येत नाही, म्हणून तो गुलाम नव्हे. दोन्ही जागी 'गुलाम' किंवा 'दास' घातले की विसंगती दिसू लागते, आणि ती भाषांतराने निर्माण केलेली असते.

९:२१ मध्ये अमोरी, हित्ती, परिज्जी, हिव्वी, यबूसी या कनान देशातल्या जमातींच्या उरलेल्या लोकांवर 'मस ओवेद' (शब्दशः 'राबणारी वेठ') बसवली, असे आहे. हाच शब्दप्रयोग गेजेरच्या कनान्यांसाठी यहोशवा १६:१० मध्ये येतो. ही न संपणारी, पिढीजात वेठ असे बरेच अभ्यासक मानतात. तसे घेतले तर हिशेब जुळतो: इस्राएली पाळीने, कनानी कायमचे.

आक्षेप : हिशेब इतका सरळ जुळत नाही. उत्पत्ती ४९:१५ मध्ये इस्साखार 'मस ओवेद' होतो, आणि इस्साखार हे तर इस्राएलाचेच कुळ. उलट यहोशवा १७:१३ मध्ये कनान्यांवर नुसती 'मस' आहे. म्हणजे 'ओवेद' जोडल्याने दर वेळी दर्जा बदलतोच असे नाही.

दुसरे, ९:२२ हिब्रूत शब्दशः वाचा. 'एवेद केले नाही' म्हटल्यावर लगेच कारण येते: ते लढवय्ये होते, आणि त्याचे 'अवादीम' होते. 'अवादीम' हे 'एवेद'चेच अनेकवचन! एकाच वचनात पहिल्यांदा गुलाम आणि दुसऱ्यांदा दरबारी सेवक. आपला 'चाकर' असाच ताणला जातो: घरचा गडीही चाकर आणि राजाची चाकरी करणारा सरदारही. मराठीत दोन जागी दोन शब्द वापरावेच लागतील.

त्यावर : 'ओवेद'चा मुद्दा मान्य. पण कथेचा कल पाहा. १ राजे ११:२८ मध्ये शलमोनाचा सेवक यराबाम याला योसेफाच्या घराण्याच्या 'सेवेल'वर नेमतात. 'सेवेल' म्हणजे ओझे वाहण्याचे काम, आणि योसेफाचे घराणे तर पक्के इस्राएली. १२:४ मध्ये लोक 'जू हलके करा' म्हणतात, तेव्हा शलमोनाचा मुलगा रहबाम 'मस'वरचा अधिकारी अदोराम यालाच पाठवतो. लोक त्याला दगडांनी ठार करतात. इस्राएलांवर वेठ नव्हती असे या लेखकाला सांगायचे असते, तर हा प्रसंग उभाच राहिला नसता. शिवाय निर्गम १:११ मध्ये फारोचे मुकादम 'सारे मिस्सीम' (म्हणजे वेठीवरचे अधिकारी; 'मिस्सीम' हे 'मस'चे अनेकवचन) आहेत, कामाला 'सेवेल'च्याच धातूचा शब्द आहे आणि कोठारांच्या नगरांना 'मिस्कनोत'. १ राजे ९:१९ मध्ये शलमोनाच्या कोठार-नगरांनाही 'मिस्कनोत'च म्हटले आहे. भाषांतरात हे शब्द दोन्हीकडे सारखेच ठेवा, नाहीतर वाचकाला हा धागा दिसणारच नाही.

आकड्यांबद्दल : मुकादमांचे आकडे १ राजे मध्ये ३,३०० (५:१६) आणि ५५० (९:२३), तर २ इतिहास मध्ये ३,६०० (२:१८) आणि २५० (८:१०). बेरीज दोन्हीकडे ३,८५०. त्यामुळे वर्गवारी वेगळी असावी असे काही जण म्हणतात, पण ग्रंथ तसे सांगत नाही. खरा फरक दुसराच आहे. शलमोनाच्या कामावरचे ७०,००० ओझेकरी आणि ८०,००० दगडफोडे (१ राजे ५:१५) कोण, हे '१ राजे' सांगत नाही. २ इतिहास २:१७ त्यांना परदेशी रहिवासी म्हणते. इथे दोन लेखकांची दृष्टी वेगळी आहे. ती एकसारखी करण्याच्या फंदात भाषांतरकाराने पडू नये.

'मस' म्हणजे 'कर' का नको? : आजच्या हिब्रूत 'मस' म्हणजे करच. प्राचीन ग्रीक भाषांतरानेही बऱ्याच जागी कर-खंडणीचा शब्द योजला. पण मूळ अर्थ श्रमाचाच. इ.स.पू. १४व्या शतकातल्या अमार्ना पत्रांत (इजिप्तमधल्या अमार्ना येथे सापडलेला राजदरबारचा पत्रव्यवहार) मगिद्दो नगराचा अधिपती बिरिदिया शूनेम गावाच्या शेतीसाठी 'मस्सु' माणसे आणल्याचे कळवतो. तिथे 'कर' घातला तर वाक्याला अर्थच उरत नाही. श्रमावरून कराकडे झालेला हा प्रवास मराठी माणसाला परका वाटू नये. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'वरून आली, आणि जुन्या सनदांत 'वेठबेगार' करांच्या बाबींशेजारीच बसते.

सुचवणी : 'मस' : वेठ. 'मस ओवेद' : राबणुकीची वेठ. 'सेवेल' : ओझ्याचे काम. 'एवेद' : संदर्भाप्रमाणे गुलाम किंवा सेवक. एस्तेर १०:१ मध्ये मात्र 'मस' देशावर आणि समुद्रकाठच्या प्रदेशांवर बसवली आहे. तिथे 'खंडणी' चालेल.