मदत हवी आहे: साठीनंतरचे शरीरसंबंध, कुठल्या डॉक्टरांना विचारावं?

नमस्कार. मी ६२, मिस्टर ६७. दोघांनाही अजून जवळीक हवीशी वाटते, आणि यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण पाळी गेल्यापासून मला कोरडेपणाचा त्रास आहे. संबंधाच्या वेळी आग होते, दुसऱ्या दिवशी लघवीलाही जळजळतं. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम कुणी वापरलंय का? फरक पडायला किती वेळ लागला?

ह्यांचं वेगळंच. अँजिओप्लास्टीनंतर बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि ताठरता टिकेनाशी झाली. आता ते कूस बदलून झोपतात, विषयच टाळतात. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. ओळखीच्या एकाने मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रातलं औषध) आणायला सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं, कारण छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला ह्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते. ही दोन्ही एकत्र घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

बीपीची गोळी बदलून मिळेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं की यूरोलॉजिस्टना? मागच्या तपासणीला मुलगा सोबत होता, त्यामुळे बोलताच आलं नाही. शिवाय पुण्यात, "आता या वयात कशाला?" असं न म्हणता ऐकून घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया मेसेज करा.