जुन्या वाड्याची मापं: लेझर स्कॅन करावा की टेप पुरे?

मधलीआळी

नमस्कार मंडळी. आमचा वाडा वाईत आहे. दोन चौकी, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. गेल्या पावसाळ्यात मागच्या चौकातली पश्चिमेची भिंत फुगली आणि वरच्या कोपऱ्यातून दोन-तीन हात विटा खाली आल्या. खाली कोणी नव्हतं, देवाने राखलं. आता आम्ही चौघा चुलतभावांनी मिळून दुरुस्ती काढायची ठरवलीय. पाडून इमारत उभी करायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आर्किटेक्ट बाई म्हणतात, कामाला हात लावण्याआधी सगळ्या वाड्याचं लेझर स्कॅनिंग करून घ्या. त्याचा आकडा टेपने मापं घेऊन नकाशे करणाऱ्याच्या जवळपास तिप्पट आलाय. थोरला भाऊ म्हणतो, हेच पैसे सागवानात घालू. मला दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय. या स्कॅनमधून नेमकं हाती काय येतं? अंधाऱ्या माजघरात, धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात ते चालतं का? भाचा म्हणतो त्याच्या आयफोनमध्येही लेझर आहे, त्यावर नाही का भागणार? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.


जुना_ओव्हरसियर

मी नोकरीतली सगळी वर्षं टेप, ओळंबा आणि पाणसळ यांवर काढली. खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण घेतले की खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे की नाही ते कळतं. दोन माणसं आणि एक लिहिणारा, आठवडाभरात तुमचा वाडा कागदावर येईल. मशीनला माझा विरोध नाही. पण टेप धरणारा माणूस प्रत्येक भिंतीला हात लावतो, पोकळ वाजली की थांबतो. ते सुटू देऊ नका, एवढंच सांगणं.


ओळंबा

काकांनी शेवटी जे लिहिलंय ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येतो. मी आर्किटेक्ट आहे, बावीस वर्षं जुन्या घरांचंच काम करतो. पहिली दहा वर्षं टेपवर, नंतर स्कॅनवर.

तुमच्या वाड्यासाठी स्कॅन करा, असंच मी सांगेन. कारण तुमची अडचण लांबी-रुंदीची नाही, फुगलेल्या भिंतीची आहे. टेपने तुम्ही त्या भिंतीवर पाच-सहा ठिकाणी ओळंबा सोडाल आणि पाच-सहा आकडे मिळतील. स्कॅनर त्याच भिंतीवर लाखो बिंदू टाकतो आणि प्रत्येक बिंदूचं अंतर मोजतो. त्यातून भिंतीचा नकाशा रंगात काढता येतो: ओळंब्यापासून किती बाहेर, कुठे पोट सुटलंय, पोट तुळईच्या टोकाखाली आहे की खिडकीच्या कोपऱ्यापाशी. भिंत का हलली याचा पहिला धागा तिथेच सापडतो. शिवाय जोत्याच्या न हललेल्या दगडांवर चार-पाच कायमच्या खुणा करून ठेवल्या, तर पुढच्या पावसाळ्यानंतर फक्त तेवढीच भिंत पुन्हा स्कॅन करून ती अजून सरकतेय का ते ताडून पाहता येईल. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी तिप्पट पैसे वसूल आहेत.

आता हाती काय येतं. स्कॅनर ट्रायपॉडवर उभा राहून भोवती फिरतो, सगळीकडे लेझर सोडतो आणि परत आलेल्या उजेडावरून अंतर काढतो. एका जागेवरून जे दिसतं तेवढंच त्याला कळतं. कपाटामागची भिंत, तुळईची वरची बाजू, ट्रायपॉडच्या पायाखालचं वर्तुळ त्याला दिसत नाही. म्हणून जागा बदलत जायचं. वाड्यात खोल्या लहान आणि दारं बुटकी, त्यामुळे दोन चौकी वाड्याला सत्तर-ऐंशी जागा सहज लागतात. दोन खोल्या एकमेकींना नीट जोडल्या जाव्यात म्हणून प्रत्येक उंबऱ्यावर एक स्कॅन घ्यायलाच लावा. घाईत नेमका तोच गाळला जातो आणि मग खोल्या एकमेकींना किंचित तिरक्या चिकटतात. हे सगळं जुळवून जो बिंदूंचा ढग तयार होतो त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. तो म्हणजे नकाशा नव्हे. नकाशा त्यावरून माणूस काढतो, आणि घोळ होतो तो तिथे.

माझ्या हातून झालेला घोळ सांगतो. पुण्यात पेठेतल्या एका वाड्याचं काम होतं. स्कॅन उत्तम झाला. नकाशे काढायला एका बाहेरच्या ऑफिसला दिले. त्यांच्याकडे सगळं सरळ रेषेत काढायची सवय, नव्या इमारतींची. एक भिंत वरच्या टोकाला सहा सेंटिमीटर बाहेर कललेली होती. पॉइंट क्लाउडमध्ये ते स्वच्छ दिसत होतं. सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या नकाशात, मात्र भिंत सरळ उभी काढली गेली, आणि मी ताडून न पाहता त्यावर सही केली. त्या मापाने नवी सागवानी तुळई कापून आणली. भिंतीत नऊ इंच बसायला हवी होती, ती जेमतेम साडेसहा इंच बसत होती. सुतारबाबा म्हणाले, "साहेब, ही बसतेय, पण मी बसवणार नाही." त्यांचं बरोबर होतं. शेवटी त्या टोकाखाली दगडी तोडी, म्हणजे भिंतीतून पुढे आलेला आधाराचा दगड, द्यावी लागली. आजही त्या खोलीत गेलो की माझी नजर आधी त्या तोडीकडे जाते.

त्याच भिंतीपाशी दुसरी गोष्ट कळली. शिडीवर चढून जुन्या तुळईचं टोक बघितलं तर तुळई आणि भिंत यांच्या फटीत तीन पाचरी ठोकलेल्या होत्या. सगळ्यांत आतली काजळीने काळी, वाकसाने तासलेली, तिच्यावर घावांच्या लाटा बोटाला लागत होत्या. मधली तांबूस. बाहेरची यंत्रावर कापलेली, कडा अजून धारदार. म्हणजे भिंत एकदम कललेली नव्हती. थोडी सरकली की कोणीतरी वर चढून पाचर मारली, पुन्हा सरकली, पुन्हा मारली. तीन वेगळ्या काळांतल्या माणसांनी तिच्याकडे लक्ष ठेवलं होतं. स्कॅनमध्ये तिथे फक्त तपकिरी ठिपके होते. काका म्हणतात तो हात लावणारा माणूस यासाठी हवा. स्कॅन झाल्यावर सेक्शनचे कच्चे प्रिंट घेऊन वाड्यात परत यायचं, खोली-खोलीत उभं राहून पेन्सिलने त्यावर लिहायचं: इथे चुन्यावर सिमेंटचं प्लास्टर, इथे लाकूड भुसभुशीत, इथे वाजवल्यावर पोकळ. हे काम स्कॅनिंगच्या दरात धरलेलं नसतं. वेगळं सांगून धरून घ्या.

अंधाराचं विचारलंत. मापांसाठी अंधार अजिबात आड येत नाही, लेझर स्वतःचा उजेड घेऊन येतो. फक्त रंगीत फोटो हवे असतील तर दिवे लावावे लागतात. काजळीने काळी झालेली भिंत उजेड कमी परतवते, तिथे बिंदू थोडे विस्कळीत येतात, जवळून एक जादा स्कॅन घेतला की भागतं. खरा त्रास आरशांचा. आरसा असेल तर भिंतीपलीकडे एक नसलेली खोली उमटते. काच आणि घासलेली पितळी भांडी यांच्यापाशीही चुकीचे बिंदू येतात. आरशांवर चादर टाका, भांडी आत ठेवा. झोपाळा असेल तर काढून ठेवा किंवा बांधून टाका. आणि वरच्या मजल्यावर स्कॅन चालू असताना कोणीही चालायचं नाही. कडीपाट पावलागणिक दबतो, त्याबरोबर ट्रायपॉड हलतो आणि एका भिंतीच्या दोन भिंती दिसतात. आमचं एका खोलीचं अख्खं काम यामुळे पुन्हा करावं लागलंय.

आयफोनचं. २०२० पासूनच्या प्रो फोनमध्ये लेझर आहे हे खरं, पण त्याची पोच साधारण पाच मीटर. एखादी देवळी, एखादा कोनाडा पटकन टिपायला चांगला. वाडाभर फिरलात तर प्रत्येक दारातून चूक थोडी-थोडी साठत जाते आणि पुढच्या चौकातून निघून फिरून तिथेच परत येईपर्यंत खोल्या जुळत नाहीत.


मधलीआळी

इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. आर्किटेक्ट बाईंना हे वाचून दाखवलं, पाचरींचं ऐकून त्या लगेच उद्याच शिडी लावू म्हणाल्या. आमच्या घरात त्या भिंतीबद्दल कायम सांगतात की ती १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात कलली. स्कॅनवरून ते खरं की खोटं कळेल का? आणि करारात काय लिहून घेऊ? माजघराखाली बळद, म्हणजे धान्य साठवायचं तळघरही आहे, त्याचं तोंड दोन फुटांचं. ते राहिलं तर चालेल का?


क्लाइडकाठी

मी मूळची साताऱ्याची, ग्लासगोत राहते. गुजरातेत पाटणची राणी की वाव २०११ मध्ये स्कॅन झाली, ती स्कॉटलंडच्या एका प्रकल्पातून, आणि त्यात इथल्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची माणसं होती. वाव २०१४ मध्ये जागतिक वारशात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात याच स्कूलच्या मॅकिंटॉश इमारतीला आग लागली आणि तिची लाकडी लायब्ररी जळाली. त्यानंतर पुरातत्त्वाच्या लोकांनी राखेतून लाकडाचे तुकडे, दिव्यांचे पत्रे वेचून काढले, कारण लाकूड कसं जोडलं होतं हे सांगायला तेच उरलं होतं. काम बरंच पुढे गेलं असताना २०१८ च्या जूनमध्ये दुसरी आग लागली, पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. आता तिथे पडद्याने झाकलेल्या भिंती आहेत. मी रोज त्या रस्त्याने जाते. तुमच्या वाड्यात एवढं सागवान आहे, तर स्कॅनची एक प्रत वाड्याबाहेर, दुसऱ्या गावात ठेवा, एवढंच कळकळीने सांगते.


ओळंबा

ताईंचं अगदी खरं. आपल्याकडे १८२८ मध्ये शनिवारवाडा जळला आणि आतल्या महालांचे चौथरे उरले. वरचे मजले नेमके कसे होते हे मोजून कोणी ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे आज नुसते अंदाज.

भूकंपाबद्दल: स्कॅन कल किती ते सांगतो, कधीपासून ते सांगत नाही. पण एक करता येईल. भिंत कलल्यानंतर ज्या गोष्टी झाल्या त्या कलाशी जुळवून घेतलेल्या असतात. त्या भिंतीतल्या दाराची चौकट नंतर बदललेली असेल आणि ती ओळंब्यात असेल, तर भिंत चौकटीच्या आधी कललेली. चौकटही भिंतीबरोबर कललेली असेल, तर नंतर. चौकट कोणाच्या लग्नाच्या वेळी बदलली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हमखास आठवतं. त्यांना त्या खोलीत खुर्ची टाकून बसवा आणि विचारा.

करारात पहिलं वाक्य हे घाला: भिंती, मजले, तुळया जशा आहेत तशा काढायच्या, कुठेही काटकोन धरून सरळ करायचं नाही. मग कोणते नकाशे आणि कोणत्या प्रमाणात ते लिहा. सगळ्या मजल्यांचे प्लॅन आणि सेक्शन १:५० ला पुरतात. त्या प्रमाणात पाव मिलिमीटरची रेघच जागेवर सव्वा सेंटिमीटरची होते, त्यामुळे सगळीकडे त्याहून बारीक मागून पैसे घालवू नका. फुगलेली भिंत आणि दिंडी दरवाजा मात्र १:२० ला मागा. आणि पॉइंट क्लाउड तुमच्या मालकीचा राहील, जुळवलेला आणि न जुळवलेला दोन्ही, ई५७ फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कवर मिळेल असं लिहून घ्या. तो फॉरमॅट कोणा एका कंपनीचा नाही, त्यामुळे पुढे दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी उघडेल. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका. आईच्या नजरेसाठी एक मोठा प्रिंट चौकाच्या सेक्शनचा काढून घ्या, तो बघून घरच्यांना ज्या गोष्टी आठवतात त्या मला कधी मशीनमधून मिळालेल्या नाहीत.

बळद सोडू नका. ते नेमकं कोणत्या भिंतीखाली जातं हे कळणं गरजेचं आहे, कदाचित तुमची फुगलेली भिंत त्याच्याच काठावर उभी असेल. लहान स्कॅनर उलटा टांगून आत सोडता येतो, नाही जमलं तर टेप आणि ओळंबा आहेच, तिथे काकांची पद्धत. फक्त झाकण आदल्या दिवसापासून उघडं ठेवा आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कोणाला आत उतरू देऊ नका.


मधलीआळी

बळद पश्चिमेच्याच भिंतीला लागून आहे. आत्ता जाऊन पाहिलं. भावाला फोन केला, स्कॅन करायचं ठरलं.