पुद्दुचेरीचा बीच रोड गाड्यांना बंद असतो, मग चाकाच्या खुर्चीवरच्या आईला समुद्रापर्यंत कसं न्यायचं?

नाशिकची लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईला घेऊन चेन्नई-पुद्दुचेरी करायचं घाटतंय. आई ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवी बाजू कमजोर आहे. घरात वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकते, बाहेर पडायचं तर चाकाची खुर्ची. उभा जन्म तिने शाळेत भूगोल शिकवला आणि सूर्य पाण्यातून वर येताना एकदा बघायचाय, एवढं एकच तिने मागितलंय.

आता अडचण अशी की तिथला बीच रोड रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ७.३० गाड्यांना बंद असतो म्हणे. म्हणजे नेमका सूर्योदय त्यातच येतो. गाडी कुठपर्यंत जाते? पुढे खुर्ची ढकलत न्यायची तर रस्ता कसा आहे? एका हॉटेलात फोन केला तर ‘सगळी सोय आहे मॅडम’ यापलीकडे काही सांगेनात. कुणी खरंच खुर्ची घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पुणेकर, दादांसोबत

ताई, जा. नक्की जा. मी आमच्या दादांना (वडील, ७८, पार्किन्सन्स) घेऊन चार दिवस राहून आलोय, त्यामुळे सगळं सांगतो.

आधी चांगलं सांगतो, कारण ते मला अजून आठवतं. पहिल्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा रस्त्यावर गाड्या सुरू होत्या, म्हणून दादांना फुटपाथवरून नेलं. दर थोड्या अंतरावर कुणीतरी उभं, कुठे फेरीवाल्याची टोपली, आणि फुटपाथ संपला की खुर्ची मागे कलवून खाली उतरवायची. दादा दोन्ही हात घट्ट धरून बसलेले. संध्याकाळी सहानंतर त्याच रस्त्यावर गेलो तर सगळा डांबरी रस्ता मोकळा, सपाट, आणि आम्ही चक्क मधोमध. गांधीजींच्या पुतळ्यापासून दक्षिणेला डुप्लेच्या पुतळ्याकडे निघालो. थोडं पुढे गेल्यावर दादा म्हणाले, ‘जरा सोड.’ हात सोडला तर त्यांनी स्वतः चाकं फिरवायला घेतली. हळूहळू, थांबत थांबत, पण स्वतः. पुण्यात गेल्या तीन वर्षांत त्यांना असा रस्ताच मिळाला नव्हता. म्हणून गाड्या बंद ठेवतात ते वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही.

त्रास आहे तो रस्त्याच्या तोंडाशी. समुद्राकडे येणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला लोखंडी बॅरिकेड लावतात. त्यांचे आडवे पाय दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. दोन बॅरिकेडमधून माणूस आरामात जातो, खुर्ची जात नाही. आमची खुर्ची चाकांच्या कडांसकट ६६ सेंटिमीटर. पुढचं छोटं चाक बॅरिकेडच्या पायाला अडकलं आणि दादांच्या बोटांची सालं निघाली. तिथल्या माणसाला बॅरिकेड सरकवायला सांगितलं तर तो आधी गाडी शोधायला लागला. त्याला वाटलं आम्हाला गाडी आत न्यायचीय. खुर्ची दाखवल्यावर लगेच सरकवलं, वर हातही लावला. मन वाईट नव्हतं हो, पण खुर्ची येईल हे कुणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

परतताना तर जास्तच. रात्री आठला दादा पार थकले, मान खाली गेली. रिक्षा आत येणार नाही. आतल्या गल्लीत दोन्ही कडांना दुचाक्या लावलेल्या, फुटपाथ उंच, म्हणून खुर्ची रस्त्यातून न्यायची आणि मागून हॉर्न. अंतर फार नव्हतं, पण ती दहा मिनिटं मला अख्ख्या सहलीपेक्षा मोठी वाटली. समोरचा दीड किलोमीटर मोकळा करताना या शेवटच्या गल्लीचा विचारच केलेला नाही. गाडीतून उतरायची एक ठरलेली जागा, एक मीटर रुंदीची कायमची वाट आणि तिथे सांगून ठेवलेला माणूस, एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

आता तुमच्यापुरतं. संध्याकाळी जायचं तर पावणेसहाच्या आत गाडीने थेट समोर जा, आईंना उतरवा आणि गाडी आतल्या गल्लीत पाठवून द्या. सूर्योदयासाठी मुक्कामच बीच रोडवर किंवा एकच गल्ली आत करा, म्हणजे गाडीचा प्रश्नच उरत नाही. हॉटेलला ‘सोय आहे का’ विचारू नका. पायऱ्या किती, एकेकीची उंची किती, बाथरूमचं दार टेप लावून किती, हे विचारा आणि फोटो मागवा. आम्हाला ‘रॅम्प आहे’ सांगितलेला तो चार फुटी फळी निघाला. पायऱ्या तीन, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर चढ. नियमाचा उतार १:१२ (उंचीच्या बारापट लांबी), म्हणजे त्याला जवळपास साडेपाच मीटर लांब रॅम्प लागतो. त्या फळीवरून दादांना नाही, खुर्ची रिकामी करून नुसती खुर्चीच नेता आली.

आणि डिसेंबर नको. तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२४ मध्ये फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळच धडकलं होतं. ढगांमुळे सूर्य दिसला नाही तर आईंचा हिरमोड होईल. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बघा. सूर्य साडेसहाच्या आसपास वर येतो, म्हणजे गाड्या सुरू व्हायच्या आत हातात तासभर शांत वेळ.

ठाण्याहून, कुबड्यावाला

वरच्या पुणेकरांचं बरंचसं पटतं, पण एक बाजू राहिली. मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर, दोन कुबड्या. खुर्ची नाही. खुर्चीला मोकळा दीड किलोमीटर म्हणजे आनंद, मला तो दीड किलोमीटरच आहे. दोनशे मीटरवर खांदे भरून येतात, तळहात सोलतात. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबईत रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवायला लागले, त्यात मरीन ड्राइव्हही होता. मुलीला सायकल चालवायला घेऊन गेलो. टॅक्सी लांबच थांबली. मुलगी तिकडे फेऱ्या मारत होती आणि मी कठड्यापर्यंत पोचेपर्यंत तिची अर्धी मजा संपली होती.

अपंगांची सोय म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खुर्चीच येते. गुडघे गेलेल्या आज्या, दम लागणारे आजोबा, आमच्यासारखे कुबड्यावाले कुठे मोजलेच जात नाहीत. आम्हाला रॅम्पच्या आधी बसायला जागा हवी, पाठ टेकता येईल अशी, थोड्या थोड्या अंतरावर. आणि यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) दाखवल्यावर गाडी माणसाच्या चालीने आत सोडावी. अशा किती गाड्या येणार आहेत?

ताई, आई दहा-बारा पावलं चालतात असं लिहिलंय तुम्ही. ती पावलं गाडीतून उतरण्यात खर्च करू नका. समुद्रापाशी कठड्याला धरून उभं राहण्यासाठी ठेवा.

पांढरी काठी

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला. गाड्या नसलेला रस्ता आम्हाला सुरक्षित, पण फसवा. गाड्यांच्या आवाजावर आम्ही रस्त्याची दिशा धरतो, तो आवाजच गेला की मोकळ्या जागेत कुठे वळलो ते कळत नाही. पुद्दुचेरीत मात्र मी एकटी चालले, कारण दक्षिणेला जाताना डाव्या कानाला सतत समुद्र असतो. येताना उजव्या. मला इतकी सरळ वाट दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. भीती वाटली ती न वाजणाऱ्या सायकलींची.

आणि तक्रार करताना विनंतीच्या भाषेत लिहू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा हक्क दिलेला आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये याचिका केली होती, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, काही निकष सक्तीचेच हवेत.

लीड्सहून

इकडचा, इंग्लंडमधला एक अनुभव. जवळच्या यॉर्क शहराने नोव्हेंबर २०२१ मध्ये गावातले पादचारी रस्ते ब्लू बॅजवाल्या (अपंगांच्या पार्किंग परवान्याच्या) गाड्यांनाही बंद केले. ब्लू बॅज माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही, त्यामुळे तो ज्या गाडीत बसेल तिला सवलत. बंदीनंतर कितीतरी अपंग लोकांचं गावात येणंच थांबलं. ते लढले आणि जानेवारी २०२४ पासून त्यांच्या गाड्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. तेव्हा जोर लावला तर बदलतं.

नाशिकची लेक

तुम्हा सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. तारीख फेब्रुवारीत नेली. तीन हॉटेलांकडून दाराचं माप मागवलं, एकानेच टेप लावलेला फोटो पाठवला, तिथेच घेतलं. आई विचारतेय, वाळूत पाय ठेवता येईल का?

पुणेकर, दादांसोबत

पुद्दुचेरीत अवघड आहे ताई. रस्त्याला लागून काळ्या दगडांचा बांध आहे. आईंना कारण नक्की आवडेल: तिथे वर्षातला बराच काळ वाळू किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, आणि गावाच्या दक्षिणेला बंदराचे बांध झाल्यावर ती तिकडेच अडली. गावासमोरचा किनारा धुपून गेला. आता पाण्याखाली भिंत घालून सचिवालयासमोर थोडी वाळू परत आणलीय, पण खुर्ची तिथे रुतते.

पायाला पाणी लावायचं तर चेन्नईत मरीनावर लावा. विवेकानंदर इल्लमजवळ २६३ मीटर लांब, तीन मीटर रुंद लाकडी वाट केलीय, खास खुर्च्यांसाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पंधरवड्यात मांदोस वादळाने मोडली, पुन्हा बांधली. निघायच्या आदल्या दिवशी सध्या चालू आहे ना, एवढं विचारून घ्या. सकाळी लवकर जा, आणि आईंसाठी टॉवेल व कोरडे मोजे खुर्चीच्या मागच्या पिशवीत ठेवा. आम्ही विसरलो होतो.